१०४ भाग, बाहेर राहिलेले ८९ आणि एक दलदल: १९६३ च्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’चा डीव्हीडी संच

या जुन्या जपानी कार्टून मालिकेचा संच विकत घ्यावा का, याचं उत्तर आधीच देतो: घ्यावा. पण दोन गोष्टी मनाशी पक्क्या करून. एक म्हणजे हा संच आता सेकंडहँडच मिळणार. तो काढणारी राइट स्टफ ही अमेरिकन कंपनी २०२२ मध्ये क्रंचीरोल या अ‍ॅनिमे दाखवणाऱ्या कंपनीने विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी तिचं ऑनलाइन दुकान बंद झालं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आत आहे ती जपानमध्ये दिसलेली मालिका नव्हे, तिची अमेरिकन आवृत्ती आहे. हे माहीत नसलेला माणूस पहिल्याच डिस्कला नाराज होतो. माहीत असलेल्याला हाच संच वर्षभर पुरतो.

मूळ मालिकेचं नाव ‘तेत्सुवान आतोमु’. तेत्सुवान म्हणजे पोलादी दंड आणि आतोमु म्हणजे अ‍ॅटम, आपला अणू. ओसामु तेझुका यांची आतोमु नावाच्या यंत्रमुलाची ही चित्रकथा १९५२ पासून ‘शोनेन’ या मासिकात येत होती. तिच्यावरून त्यांच्याच मुशी प्रॉडक्शनने मालिका केली. १ जानेवारी १९६३ ला ती फुजी टीव्हीवर सुरू झाली आणि ३१ डिसेंबर १९६६ ला १९३ वा भाग दाखवून संपली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा नवा भाग आणि तोच नायक, ही जपानी टीव्ही कार्टूनची आज सगळ्या जगाला सवयीची झालेली घडी या मालिकेने बसवली. तिचा प्रेक्षकवाटा सर्वाधिक ४०.३ टक्क्यांपर्यंत गेला होता. ५६ वा भाग रंगीत बनवला होता. बाकी सगळं काळं-पांढरं.

अमेरिकेत एनबीसी या टीव्ही कंपनीच्या वितरण शाखेने ही मालिका घेतली, फ्रेड लॅड यांनी इंग्रजी आवृत्ती बसवली आणि सप्टेंबर १९६३ पासून ती ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ या नावाने स्थानिक केंद्रांवर दिसू लागली. एकूण १०४ भाग इंग्रजीत झाले. राइट स्टफचे दोन बॉक्स म्हणजे हेच १०४, प्रत्येकी ५२. म्हणजे १९३ पैकी ८९ भाग या संचात मुळातच नाहीत.

आता ‘हरवलेली मालिका’ या शब्दाबद्दल. नेटवर तो फार सैल वापरला जातो आणि त्यामुळे लोक भलतंच शोधत बसतात. ते ८९ भाग हरवलेले नाहीत. ते इंग्रजीत झालेच नाहीत. जपानमध्ये ते आहेत आणि तिथल्या डीव्हीडीवर निघालेही आहेत. खऱ्या अर्थाने फट पडली ती ३४ व्या भागात. २० ऑगस्ट १९६३ ला दाखवलेला हा दलदलीचा भाग, ‘मिदोरो गा नुमा’. मुशी प्रॉडक्शनमध्ये माणसं कमी पडत होती, म्हणून तो बाहेर करायला दिला. ज्यांना दिला तो स्टुडिओ झीरो नुकताच उभा राहिला होता आणि त्यात चित्रकथा काढणारी तरुण मंडळी होती: शिन्इची सुझुकी, शोतारो इशिनोमोरी, जिरो त्सुनोदा आणि फुजिको फुजिओ या एकाच टोपणनावाने लिहिणारी जोडी. या जोडीने पुढे काय केलं हे कोल्हापुरातलं कुठलंही शाळकरी पोर सांगेल, कारण डोरेमॉन त्यांच्याच घरचा. प्रत्येकाने आपापल्या हाताच्या वळणाने आतोमु काढला. परिणामी एकाच भागात त्याचा चेहरा प्रसंगागणिक बदलतो. या भागाची जपानी फिल्म नंतर हाती राहिली नाही. अनेक वर्षं तो फक्त ऐकीव होता. वाचला तो अमेरिकेत गेलेल्या इंग्रजी प्रतीमुळे.

म्हणजे चित्र उरलं, मूळ आवाज गेला. अर्धवट हरवणं हे असंही असतं. कुठे चित्र असतं आणि ध्वनी नसतो, कुठे ध्वनी असतो आणि चित्र नसतं, कुठे दोन्ही असतं पण परदेशी कात्रीतून गेलेलं. त्याच काळातल्या ‘बिग एक्स’ या मालिकेची अवस्था याहून वाईट आहे. तीही तेझुकांच्याच चित्रकथेवरची, १९६४ मध्ये सुरू झालेली. तिच्या बऱ्याच भागांची फिल्मच आज नाही.

कोल्हापूरकराला हे समजवायला फार शब्द लागू नयेत. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे मूकपट याच शहरात घडले. १९२० चा ‘सैरंध्री’ असो की १९२५ चा ‘सावकारी पाश’, आज ते लोकांनी लिहून ठेवलेल्या आठवणींतच बघायचे. १९२९ मध्ये इथेच सुरू झालेली प्रभात पुढे पुण्याला गेली आणि तिथे २००३ च्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. नायट्रेट पेट घेतं. आतोमुच्या काळातली फिल्म अ‍ॅसिटेटची, ती पेटत नाही, पण दमट हवेत आंबते. डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो, फिल्म आकसते, कडक होते आणि प्रोजेक्टरच्या दात्यांवर बसेनाशी होते. अमेरिकन प्रतींच्या बाबतीत मात्र दोष ना आगीचा ना हवेचा. फ्रेड लॅड यांनी सांगितल्याप्रमाणे वितरणाची मुदत संपल्यावर एनबीसीने १९७५ च्या सुमारास सगळा माल जपानला परत देऊ केला होता. मुशी प्रॉडक्शन १९७३ मध्येच बुडालं होतं, जहाजाचं भाडं द्यायलाही पैसे नव्हते, म्हणून तो नष्ट करण्यात आला. ज्या मालिकेने एवढं कमावून दिलं तिच्या प्रती भाड्यापायी गेल्या, हे आजही पटत नाही.

या इतिहासाचा थेट परिणाम डिस्कवर दिसतो, म्हणून तो इथे सांगावा लागला. ज्या प्रती उरल्या त्यांवरच भागवावं लागलं, म्हणून सगळे भाग एका दर्जाचे नाहीत. काही भागांत राखाडीच्या चार-पाच छटा नीट वेगळ्या दिसतात, आतोमुच्या काळ्या केसांवरची चमकसुद्धा. पुढचाच भाग धुरकट निघतो: पांढऱ्या भिंती जळालेल्या, काळे भाग डांबरासारखे. हा तुमच्या टीव्हीचा दोष नाही. डाग कुठला आहे तेही बघून ओळखता येतं. पांढरे ठिपके म्हणजे प्रत काढताना निगेटिव्हवर बसलेली धूळ. ती त्या प्रतीतून निघणार नाही. काळे ठिपके आणि केस म्हणजे त्या प्रतीवरचीच घाण. अधूनमधून चित्र एकदम उडी मारतं आणि जवळपास सेकंदभराने आवाजात ‘टक’ होतं. हा १६ मिलिमीटर प्रतीतल्या जोडाचा पुरावा. त्या फिल्मवर ध्वनी चित्राच्या २६ फ्रेम पुढे छापलेला असतो आणि सेकंदाला २४ फ्रेम जातात, त्यामुळे एकाच जोडाचा धक्का डोळ्याला आधी आणि कानाला नंतर बसतो. टीव्ही केंद्रं जाहिराती घालायला अशा प्रती कापत आणि पुन्हा चिकटवत. डिस्क खराब आहे असं समजून ती परत पाठवू नका.

या संचात आम्हाला सर्वांत आवडलं ते हे, की फार घासूनपुसून गुळगुळीत केलेलं नाही. डिजिटल सफाई जास्त झाली की सेलवर, म्हणजे चित्र काढायच्या पारदर्शक तावावर, काढलेली पातळ रेघ डागासोबतच खाल्ली जाते, आणि या मालिकेत रेघ हाच सगळा जीव आहे.

तो कसा, हे हिशोबानेच कळतं. फिल्म सेकंदाला २४ फ्रेम चालते. मुशीच्या मंडळींनी एक चित्र तीन फ्रेम दाखवायचं ठरवलं, म्हणजे सेकंदाला ८ चित्रं. २५ मिनिटं सगळं हलत ठेवायचं तर तरीही १२ हजार चित्रं लागली असती. प्रत्यक्षात एका भागाला दोन हजारांच्या आसपास, कधी त्याहूनही कमी चित्रांत भागवलं. उरलेलं कुठून आलं ते बघायचं असेल तर पहिले दोन-तीन भाग रिमोट हातात धरून बघा. संवाद चालू असताना चेहरा स्थिर असतो आणि फक्त ओठांचा तुकडा बदलतो. मारामारीत मध्येच एकच चित्र थांबून राहतं आणि कॅमेरा त्यावरून सरकतो. उडण्याची दृश्यं तीच तीच पुन्हा येतात, मागचं आकाश तेवढं वेगळं. एकदा काढलेली चित्रं जपून ठेवायची आणि पुढच्या भागात वापरायची अशी त्यांची सोयच होती. याला कंजुषी म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्ही नाही म्हणणार. चित्र थांबलं की दिग्दर्शकाला कॅमेऱ्याची जागा आणि कापण्याची वेळ यांवरच गोष्ट ओढावी लागते. इथे हात बसवलेल्यांत रिनतारो होते, ओसामु देझाकी होते, पुढे ‘गंडम’ करणारे योशियुकी तोमिनो होते. ९६ वा भाग तोमिनोंच्या दिग्दर्शनाची सुरुवात मानला जातो.

ध्वनीकडे मुद्दाम लक्ष द्या. आतोमु चालतो तेव्हा पावलांचा जो लवचिक, चिवचिवता आवाज येतो तो मात्सुओ ओनो यांनी टेप रेकॉर्डरवर घडवलेला आहे. जपानी आतोमुचा आवाज मारी शिमिझु यांचा. या डिस्कवर मात्र तुम्हाला ऐकू येतील न्यूयॉर्कच्या बिली लू वॉट. त्यांचं काम चोख आहे, मूल वाटतं आणि किरकिरं वाटत नाही. नावं मात्र सगळी बदललेली. डॉक्टर ओचानोमिझु इंग्रजीत डॉक्टर एलेफन होतात, तेन्मा होतात बॉयंटन, टक्कल आणि मिशांचे हिगे ओयाजी मिस्टर पॉम्पस, आणि आतोमुची बहीण उरान नुसतीच अ‍ॅस्ट्रो गर्ल. मूळ नावं ठाऊक असणाऱ्याने ही यादी कागदावर लिहून टीव्हीजवळ ठेवावी. शीर्षकगीताची चाल तात्सुओ ताकाई यांची. जपानी मालिकेत सुरुवातीला नुसती धून वाजायची. कवी शुनतारो तानिकावा यांचे शब्द नंतर आले. अमेरिकन संचात अर्थातच त्या चालीवर इंग्रजी शब्द आहेत.

भाषांतराबद्दल आमची तक्रार आहे, पण ती नावांबद्दल नाही. एनबीसीने हिंसा आणि धर्माशी संबंधित जागा टाळल्या. काही भाग तर नाकारलेच. एका जपानी भागात येशूच्या पुतळ्याच्या डोळ्यावर कोरलेला संदेश हा कथेचा धागा आहे, तो भाग अमेरिकेने घेतला नाही. तेझुकांच्या आतोमुत रोबोटना गुलामासारखं वागवलं जाण्याचं जे दुःख आहे ते इंग्रजी संवादांत बऱ्याचदा हलकं होतं. चित्रं मात्र ते लपवू देत नाहीत. पहिला भाग आवाज बंद करून बघा: मोटार अपघातात गेलेला मुलगा, त्याच्या जागी बापाने घडवलेला यंत्रमुलगा, तो वाढत नाही म्हणून बापाचा संताप, मग सर्कशीत विक्री. एक शब्द न ऐकता सगळं पोहोचतं.

कुठून सुरू करावं? पहिला भाग, मग इंग्रजीत ‘कोलोसो’ नावाने असलेला राक्षसी यंत्रमानवाचा भाग, मग मंगळाच्या मोहिमेचा. अमेरिकेतला क्रम जपानी क्रमाशी जुळत नाही, पण बहुतेक गोष्टी त्या त्या भागात संपतात, त्यामुळे अडत नाही. त्यानंतर सरळ ३४ व्या, दलदलीच्या भागावर उडी घ्या. अमेरिकन यादीत तो वेगळ्या नावाखाली आणि वेगळ्या क्रमांकावर आहे. दलदल आणि प्रसंगागणिक बदलणारा आतोमुचा चेहरा ही त्याची खूण. आधीचे तीन भाग बघून डोळ्याला मुशीचा आतोमु ओळखीचा झालेला असला की हे चेहरे लगेच खटकतात. गाल कुठे जास्त गोल, कपाळ कुठे उंच, शिंगांसारखे दोन केस कुठे जाड. पाच जणांचे पाच हात वेगळे काढायचा खेळ चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना लावावा इतका छान आहे.

आता हे कोल्हापुरात घरी लावायचं कसं. इथेच बहुतेकांचा विरस होतो, म्हणून सविस्तर.

घेण्याआधी बॉक्सची मागची बाजू बघा. छोट्या पृथ्वीगोलावर आकडा असतो: १ म्हणजे अमेरिका, २ जपान, ४ ऑस्ट्रेलिया, ५ भारत, ० किंवा ‘ऑल’ म्हणजे कुठेही. आपल्याकडचे साधे स्वस्त प्लेअर बऱ्याचदा कुठलीही डिस्क चालवतात; ब्रँडेड प्लेअर अडवतो. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये विभाग फक्त पाच वेळा बदलता येतो, पाचव्यांदा तो कायमचा ठरतो, म्हणून गंमत म्हणून बदलत बसू नका. विक्रेत्याकडे डिस्कच्या खालच्या बाजूचे फोटो उजेडात तिरपे धरून काढलेले मागा. मधून बाहेर जाणारा ओरखडा सहसा वाचला जातो. गोलाकार, वळशाने गेलेला ओरखडा डिस्क अडकवतो. दोन बॉक्स वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवावे लागले तरी हरकत नाही, पण सुटी डिस्क घेऊ नका, उरलेल्या मिळता मिळत नाहीत.

अमेरिकन डिस्क एनटीएससीची, आपल्याकडची पद्धत पाल. गेल्या वीस वर्षांतला कुठलाही टीव्ही दोन्ही घेतो. ऑस्ट्रेलियन पाल प्रत मिळाली तर एक लक्षात ठेवा: २४ फ्रेमची फिल्म तिथे २५ ने पळते, २४ मिनिटांचा भाग २३ मिनिटांत संपतो आणि आवाज अर्ध्या सुराहून थोडा कमी चढतो. बिली लू वॉट यांच्या मुळातच उंच आवाजाला ते मानवत नाही. आमची पसंती एनटीएससीला.

टीव्हीत शिरल्यावर पहिलं काम: हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस, सोनीत मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन अशा नावांनी ती असते. सेकंदाला ८ चित्रांच्या मध्ये टीव्ही स्वतःची चित्रं घुसवायला लागला की आतोमुच्या कडा पाण्यात पडल्यासारख्या थरथरतात आणि मारामारीतला झटका मरतो. जुनं कार्टून बघवत नाही म्हणणाऱ्या दहातल्या नऊ घरांत हीच सोय चालू असते, असं आम्ही खात्रीने सांगू.

दुसरं काम, चित्राचा आकार ४:३ ठेवा. बाजूला काळ्या पट्ट्या राहतात त्या राहू द्या. ४३ इंची टीव्हीवर तुम्हाला ३५ इंचांचं चित्र मिळेल आणि तेवढं भरपूर आहे. ताणलं तर आतोमु बसका दिसतो. ‘झूम’ केलं तर वरखालचा मिळून चौथा हिस्सा कापला जातो आणि सगळ्यांत आधी जातात ती त्याची शिंगं. नेटवरची एखादी प्रत अस्सल आहे की कापलेली, हेही शिंगांवरून लगेच कळतं.

तिसरं, रंग शून्यावर आणा. काळ्या-पांढऱ्याला रंगाचं काय काम, असं वाटेल. पण पिवळ्या पिनच्या केबलने जोडलेल्या प्लेअरमधून बारीक रेघांवर इंद्रधनुष्यी झाक येते, ती यानेच जाते. एचडीएमआय असेल तर तीच केबल वापरा. रंगछटा ‘वॉर्म’, शार्पनेस जवळपास शून्य. शार्पनेस वाढवला की प्रत्येक रेघेला पांढरी सावली फुटते. संगणकावर व्हीएलसीत बघत असाल आणि उडताना कडांना कंगव्यासारखे दाते दिसले, तर डीइंटरलेसमध्ये ‘फिल्म एनटीएससी’ हा पर्याय निवडा. २४ चे ३० करताना दर पाच फ्रेमपैकी दोन फ्रेम दोन चित्रांची सरमिसळ असतात. हा पर्याय त्या पुन्हा सुट्या करतो.

आवाज एकाच वाहिनीचा आहे. ‘सराउंड’, ‘हॉल’ असलं काहीही लावू नका. १६ मिलिमीटरच्या ध्वनिपट्टीवर फार उंच स्वर मुळातच नसतात, त्यामुळे ट्रेबल वाढवून फक्त खरखर वाढते. उलट एखाद-दुसरा घर खाली आणा, मग संवाद पुढे येतात.

प्लेअर जुना घेणार असाल तर तीन गोष्टी दुकानातच तपासा. ट्रे दहा वेळा आत-बाहेर करून बघा. अडखळला तर आतला रबरी पट्टा सैल झालाय, तो स्वस्तात बदलता येतो. दोन थरांची डिस्क लावून मधोमध पुढे न्या. थर बदलताना क्षणभर थांबणं ठीक, पण अडकलाच तर लेन्स दमलीय आणि तो प्लेअर घेऊ नये. तिसरं, डिस्क वाचायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागत असेल तर आधी लेन्स कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसायला सांगा. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं.

आणि आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर इथल्या घरांत कपाटातली चामडी पट्टेसुद्धा पांढरी पडतात, डिस्क तर सोडाच. बुरशी लेबलच्या कडेने आत शिरते. बॉक्स उभा ठेवा, भिंतीला लागलेल्या कपाटात ठेवू नका, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि गुलाबी पडल्या की बदला. कागदी पुस्तिका वेगळी ठेवा, ओल तीच आधी धरते. बुरशी दिसली तर साध्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड, आणि पुसायचं मधून कडेकडे, सरळ. गोल फिरवून पुसणं हा डिस्क घालवायचा खात्रीचा मार्ग.

मुलांना एकत्र दाखवायचं असेल तर तालमीचा हॉल उत्तम, शाहू स्मारकासारखं सभागृह मिळालं तर आणखी छान. कोल्हापुरात मुलांच्या सिनेमाला प्रेक्षक जमवावे लागत नाहीत. डिस्कवरची परवानगी मात्र घरी बघण्यापुरतीच असते, जाहीर खेळाला हक्कदारांची लेखी संमती लागते, ती आधी घ्या. पडदा सहा फूट रुंद असेल तर चित्राची उंची साडेचार फूट येते. डीव्हीडीत ४८० च ओळी असतात, म्हणून पहिली रांग पंधरा-सोळा फुटांवर ठेवा. त्याहून जवळ बसलेल्या मुलांना गोष्ट न दिसता ठिपके दिसतात. स्पीकर एकच, पडद्याखाली मधोमध. इंग्रजी संवाद लहानांना झेपणार नाहीत, तर एकाने माइकवर मराठीत थोडं थोडं सांगत जावं: प्रत्येक प्रसंगाला एक वाक्य, मारामारीत गप्प. ‘एक लाख अश्वशक्ती’ असं म्हटलं की मुलांना आकडा लगेच पोचतो, कारण मूळ जपानीतही तो लाखच आहे; पुढे एका मोठ्या लढतीसाठी त्याची दहा लाख होते. साठ भाषा येणारा रोबोट म्हटल्यावर त्याला मराठी येते का, हा प्रश्न येणारच, त्याची तयारी ठेवा. एका बैठकीत दोनच भाग. सात वर्षांखालच्यांना पहिला भाग दाखवू नये. मुलाचा मृत्यू आणि बापाचं टाकून देणं दोन्ही त्यात आहे. काही भागांत आफ्रिकी माणसांची चित्रं त्या काळच्या वाईट साच्यातली आहेत. ती कापू नयेत, पण खेळानंतर त्यांवर बोलावं.

जपानी डीव्हीडी घ्यावी का, असं विचारणाऱ्यांना एवढंच: मूळ आवाज, मूळ क्रम आणि १९३ भाग हवे असतील आणि जपानी येत असेल तर जरूर. इंग्रजी सबटायटल मिळतील अशी आशा धरून घेऊ नका. आणि ३४ व्या भागासाठी तर त्या जपानी संचालाही अमेरिकेकडेच बघावं लागलं.

अमेरिकन १०४ मध्ये शेवट नाही, हे मुलांना आधी सांगू नका, पण विचारतील तेव्हा सांगायला तयार राहा. ३१ डिसेंबर १९६६ च्या संध्याकाळी जपानमधल्या मुलांनी तो पाहिला: सूर्य तापत चाललेला, पृथ्वी होरपळते आहे, तो शांत करणारं यंत्र सूर्यापर्यंत न्यायचं आहे. आतोमु ते यंत्र कवटाळतो आणि सरळ सूर्याच्या दिशेने निघतो, परत येण्यासाठी नाही. शेवटची डिस्क संपली की दिवा लावण्याआधी एवढं मराठीत सांगा.